जखमेची मुदत

डॉ. सुलोचना मगदूम यांनी उभ्या आयुष्यात एकच अवैज्ञानिक विधान केले, आणि दैवाचा खेळ असा की सरकारदरबारी नेमके तेवढेच मान्य झाले.

पुण्यात श्रमकल्याण आयोगापुढे बाळंतपणाच्या रजेविषयी तज्ज्ञांच्या साक्षी चालू होत्या. आयोगाचे अध्यक्ष निशिकांत वर्दे हे अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. साक्षीदाराला पाणी विचारल्याशिवाय ते प्रश्न विचारीत नसत.

"बाई, हा सव्वा महिना आला कुठून?" पाण्याचा पेला पुढे सरकवीत त्यांनी विचारले. "आमच्या एका सदस्यांचं म्हणणं असं की हे सगळं विटाळाचं प्रकरण आहे. बाळंतिणीला शिवायचं नाही, म्हणून तिला खोलीत ठेवायचं. तो विटाळ आता सरकारी कायद्याने का पाळावा?"

सुलोचनाबाई मिरजेच्या. विटाळ या शब्दाशी त्यांचे भांडण प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याच्या आधीपासूनचे होते. तो शब्द आयोगाच्या टेबलावर पडलेला पाहून त्यांच्या मस्तकात तिडीक उठली, आणि तिडीक उठलेल्या माणसाला जे हत्यार हाताशी असते ते त्यांनी उचलले.

"विटाळ नंतर चिकटला," त्या म्हणाल्या. "मूळ कारण वेगळं आहे. वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर बशीएवढी उघडी जखम राहते. ती भरायला साधारण सहा आठवडे लागतात. सूक्ष्मदर्शक नसताना आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं. सव्वा महिना म्हणजे ती जखम भरण्याचा काळ. आपल्या प्रत्येक रूढीमागे शास्त्र आहे, अध्यक्षमहाराज. ते शोधावं लागतं, इतकंच."

सभागृहात टाळ्या झाल्या. वर्देसाहेबांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने टिपून घेतले.

सुशिक्षित मराठी माणसाची ही खोड जुनी आहे. रूढी मोडण्याचे धैर्य नसते आणि पाळायची लाज वाटते, अशा वेळी तो तिच्या पाठीशी शास्त्र उभे करतो. तुळशीत प्राणवायू सापडतो, कुंकवाखाली नस सापडते, उपासात पचनसंस्थेची विश्रांती सापडते, आणि मग सारे घर निश्चिंत मनाने पानावर बसते. या व्यवस्थेत एकच गोम आहे. शास्त्र एका जागी उभे राहत नाही. ते पुढे सरकले की त्याला टेकवून ठेवलेली वस्तू खाली पडते.

आणि या खेपेस शास्त्र पुढे सरकले ते सुलोचनाबाईंच्याच हातांनी.

गर्भाला गर्भाशयात इजा झाली तर ती व्रण न ठेवता भरून येते, ही गोष्ट शल्यविशारदांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. जन्मानंतर ही विद्या शरीर विसरते. त्वचेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे चटईसारखे उभे-आडवे विणलेले असतात. प्रौढ शरीराला जखम झाली की त्याला घाई असते. ते विणत बसत नाही, सारे धागे एकाच दिशेने ताणून भोक बुजवते. व्रण म्हणजे घाईत मारलेले ठिगळ. गर्भ मात्र विणतो. त्याला ती सवड कोण देते, याचा शोध सुलोचनाबाई मिरजेच्या संस्थेत, सूतिकागृहांतून आणलेल्या नाळांवर घेत होत्या. नाळेच्या आत रक्तवाहिन्यांना सांभाळणारा पारदर्शक गर असतो. त्या गरात त्यांना अमिनो आम्लांच्या अकरा मण्यांची एक आखूड माळ सापडली. असल्या माळेला पेप्टाइड म्हणतात. ते पेशींना निरोप पोचवते. या पेप्टाइडचा निरोप असा होता की घाई करू नका, विणा. गंमत अशी की विणायला लागलेल्या पेशी ठिगळ लावणाऱ्यांपेक्षा कितीतरी वेगाने काम करीत. बाईंनी त्याला नाव दिले नाभिन.

नाभिन निर्दोष होते. हे आरंभीच सांगायला हवे, कारण अशा कथांत औषधात काही तरी खोट निघते आणि वाचकाची सुटका होते. येथे ती सोय नाही. दोन-तीन वर्षांत ते सूतिकागृहांत पोचले. खालपर्यंत फाटलेल्या, वर्षानुवर्षे कपडे ओले होतात म्हणून माणसांत बसायला लाजणाऱ्या बायका आठवड्यात बऱ्या होऊन घरी गेल्या. सिझेरियनचे टाके पाचव्या दिवशी शोधून सापडेनात. सुलोचनाबाईंच्या पाया पडायला बायका मिरजेपर्यंत येत, आणि बाई त्यांना दारातूनच ओरडून परत पाठवीत.

मग आयोगाचा नवा नियम आला. व्रणाधिष्ठित रजा. जखम असेल तोवर रजा, पगार आणि नोकरीची हमी. जखम भरल्याचे चित्रणयंत्राने दाखवले की दुसऱ्या दिवशी कामावर. नियमाच्या प्रस्तावनेत सुलोचनाबाईंचे वाक्य त्यांच्या नावासह छापलेले होते.

त्यांनी वर्द्यांना फोन लावला.

"बाई, आम्ही तुमचंच ऐकलं," वर्दे म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर आदर होता. "सव्वा महिना जखमेसाठी असं तुम्ही म्हणालात. आता जखम सहाव्या दिवशी नसते, हेही तुम्हीच सिद्ध केलंत. आम्ही फक्त वजाबाकी केली."

"आणि बाळ?"

"बाळाला कुठे जखम असते?"

सुलोचनाबाईंनी फोन ठेवला. या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. उत्तर देण्याच्या लायकीचा तो प्रश्न नव्हता, आणि तो विचारण्याची मुभा त्यांनीच देऊन ठेवली होती.

*

पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाने चेलना आठव्या महिन्यात मिरजेला आली. चेलना ही सुलोचनाबाईंची एकुलती लेक. तासगावला बेदाण्याच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती प्रतवारी विभाग सांभाळत असे. आल्या दिवशी तिने पिशवी खाली ठेवली, कोचावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, एक सांगून ठेवते. मी तुझं नाभिन घेणार नाही."

"का? कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. औषध चांगलंच आहे गं. तोच तर वांधा आहे."

"नीट बोल."

"आमची रुक्साना आठवते? मुल्लांची. ती सहाव्या दिवशी कामावर आली. अगदी ठणठणीत, टाक्याची खूण नाही. थंड खोलीत सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली, आणि घरी पोर रडायच्या वेळेला तिचं दूध वाहायला लागलं. एप्रन भिजला. सुपरवायझर म्हणून नोंद मलाच करायची होती. काय म्हणून केली माहितीय? 'पट्ट्यावर द्रवपदार्थाचे दूषण.' कंपनीच्या यादीत दुधाला दुसरा शब्दच नाही."

सुलोचनाबाईंनी तिची पिशवी उचलून कोचाशेजारी ठेवली.

"तेव्हापासून आमच्याकडच्या बायका सुईच घेत नाहीत," चेलना पुढे म्हणाली. "नियमात लिहिलंय, जखम असेतो रजा. मग ठेवतात जखम. मीही ठेवणार."

"चेलना, जखम ही काय ठेवायची वस्तू आहे?"

"बाळाजवळ बसायचं भाडं आहे ते. तुमच्या आयोगाने ठरवलेलं."

"माझा आयोग नाही तो."

"वाक्य तुझंच आहे ना पहिल्या पानावर?"

मुली आईला असे बोलतात, आणि मग दोघी मिळून भाजी निवडतात. त्या दिवशी मात्र सुलोचनाबाईंनी एकटीनेच निवडली.

*

जखम राखून ठेवणाऱ्या बायकांची बातमी यथावकाश आयोगापर्यंत पोचली. आयोगाने तिचे नामकरण केले: हेतुपुरस्सर व्रणधारणा. ज्या भाषेत दुःखाला हुंदक्यापलीकडे शब्द अपुरे पडतात, तिच्यात अशी जोडाक्षरी नावे मात्र पहाटेच्या प्राजक्तासारखी टपटप पडतात. प्रस्ताव असा की येत्या एप्रिलपासून नाभिन नाकारणाऱ्या बाईची रजा, तिने ते घेतले असते तर जखम ज्या दिवशी भरली असती, त्या दिवशी संपेल. औषध सुरक्षित आहे एवढे सांगण्यासाठी सुलोचनाबाईंना पुन्हा पुण्याला बोलावले गेले.

त्या तयारीनिशी निघाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी चेलनाला पडद्यावर सारे दाखवले. बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहतात. त्या आईच्या अस्थिमज्जेत सापडतात, काळजाच्या स्नायूत सापडतात. शास्त्राच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर बाळंत झालेली बाई पूर्ववत कधीच होत नाही. मग तिची जखम भरली असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

"हे मस्त आहे," चेलना उठून बसली. "हे ऐकल्यावर गप्प होतील. माझा महिना निघेल यात."

"वर्षसुद्धा निघेल."

पुण्यात वर्द्यांनी आधी पाणी विचारले. मग औषध सुरक्षित आहे का, ते विचारले.

"आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "कुठल्याही बाईने ते घ्यावं असंच मी सांगेन."

"मग नाकारण्यामागे काही शास्त्रीय कारण?"

"नाकारण्यामागे तुमचा नियम आहे."

सदस्यांत थोडी चुळबुळ झाली. वर्दे मात्र हसले. "बाई, आम्ही काही बायकांचे वैरी नाही. तुम्ही आम्हाला नवं शास्त्र द्या, आम्ही रजा वाढवतो. आहे तुमच्याकडे काही? मला वाटतं, असावं. असेल तर आत्ता सांगा, आजच नोंद घेऊ. अर्थात, शास्त्र बदलेपर्यंत."

सुलोचनाबाईंचा हात पिशवीतल्या कागदांवर होता. शेवटचे तीन शब्द वर्द्यांनी सहज, सद्भावनेने, घड्याळाकडे पाहत उच्चारले होते. त्या सहजतेने बाईंना जे दिसले ते चाळीस शोधनिबंधांनी दिसले नव्हते. समोर बसलेल्या गृहस्थांना शास्त्राविषयी यत्किंचित कुतूहल नव्हते. त्यांना एक कुलूप हवे होते, ज्याची किल्ली पुढेमागे कुणीतरी बनवीलच. आणि असे कुलूप घडवून द्यायला त्या आपल्या लेकीच्या काळजातल्या पेशी घेऊन आल्या होत्या.

त्यांनी हात पिशवीतून काढला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"मागच्या वेळी मी चुकीचं बोलले. सव्वा महिन्यामागे शास्त्र असेल किंवा नसेल. त्याची गरज नाही."

"कारणाशिवाय आयोग रजा कशी देणार?"

"अध्यक्षमहाराज, रविवारी तुमची कोणती जखम भरते?"

एक सदस्य हसले आणि लगेच थांबले. वर्दे म्हणाले, "ती प्रथा आहे, बाई."

"हो. तिचं चित्रण मागायला अजून कुणी आलेलं नाही."

"तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मी शास्त्रज्ञ आहे म्हणूनच सांगते. माझं यंत्र जखम मोजतं. बाई मोजत नाही. ते बाई मोजतं असं तुम्ही समजलात आणि मी तुम्हाला तसं समजू दिलं. हे वाक्य प्रस्तावनेत घाला."

प्रस्ताव संमत झाला. ते वाक्य अर्थातच कुठेही छापले गेले नाही.

घरी आल्यावर चेलनाने सारे ऐकून घेतले. "म्हणजे सांगितलंच नाहीस? पिशवीत होतं ना?"

"होतं."

"आई, एक वाक्य बोलायचं होतं."

"मागच्या वेळीही एकच बोलले होते."

"तुला तुझं तत्त्व मिळालं. माझ्या बाळाला काय मिळालं?"

त्यानंतर बाळंत होईपर्यंत ती आईशी कामापुरतेच बोलली. ताट घेताना, गोळी घेताना. सुलोचनाबाईंनी समजूत काढण्याचा प्रयत्न केला नाही. समजूत काढायला आपली बाजू बरोबर असल्याची खात्री लागते, आणि ती त्यांना दिवसातून जेमतेम एकदा होत असे.

*

फेब्रुवारीत, तासगावच्या शेडवर द्राक्षे सुकत असताना, चेलनाला सिझेरियन होऊन मुलगी झाली. एप्रिल अजून लांब होता. जुन्या नियमाप्रमाणे जखम असेतो रजा होती, आणि चेलनाने शब्दाला जागून नाभिन नाकारले. नर्सने दोनदा विचारले, तिने दोनदा नाही म्हटले.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. टाक्यांत पू झाला. डॉ. शेटे यांनी प्रतिजैविके बदलून पाहिली. जंतू मरत होते, पण जखमेच्या कडा जुळेनात. जखम उसवलेल्या शिवणीसारखी तोंड उघडून राहिली. दोन दिवसांनी दुपारी शेट्यांनी सुलोचनाबाईंना बाजूला घेतले. "मॅडम, मी तुम्हाला काय सांगायचं? परत उघडून शिवावं लागेल. नाहीतर तुमची सुई. तिची सही नाही, म्हणून मी देऊ शकत नाही." बोलता बोलता त्यांनी नाभिनची कुपी खोलीतल्या टेबलावर ठेवली आणि ते राउंडला निघून गेले. काही माणसे सल्ला असाही देतात.

खोलीत चेलना ग्लानीत होती. खिडकीपाशी तिच्या सासूबाई, राजमती, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राजमतीबाई कवठे महांकाळच्या. डिंकाचे डबे, बाळंतशेपा, ओवा, धुरीची शेगडी असा सगळा संसार घेऊन त्या आल्या होत्या, आणि दवाखान्यात धुरी देऊ देत नाहीत म्हणून तीन दिवस रुसल्या होत्या. सव्वा महिन्यात एक दिवस कमी करायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कुपीकडे पाहिले, मग विहिणीकडे.

"विहीणबाई, सलाइनमधनं सोडा की."

"तिने नको म्हटलंय."

"झोपलीय ती. उठल्यावर बरं वाटलं तर कशानं वाटलं, कोण इचारतंय?"

"मी सांगेन तिला."

"नंतर सांगा. बारशाला सांगा. लेकीला लहानपणी औषध काय इचारून पाजलं व्हतं?"

"तेव्हा तिच्या जखमेवर कुणाचा डोळा नव्हता."

राजमतीबाईंनी नातीचे दुपटे सारखे केले. मग हळूच म्हणाल्या, "मला सव्वा म्हैना पायजे, खरं हाय. पण त्यो मोजायला सून पायजे की आधी."

सुलोचनाबाईंनी सिरिंज भरली. सलाइनची नळी हाताच्या अंतरावर होती. नाभिन नळीतून द्यायचे, पाच मिनिटांचे काम. आईचे कर्तव्य, डॉक्टरचे कर्तव्य, संशोधकाचा अभिमान, तिघेही एकमुखाने एकच सांगत होते. बाईला न विचारता बाईच्या भल्याचे करावे. सुलोचनाबाईंच्या लक्षात आले की वर्देसाहेबही याहून निराळे काही म्हणत नव्हते.

त्यांनी सिरिंज ताटलीत ठेवली आणि चेलनाच्या गालावर थापटी मारली. "चेलना. ऊठ. ए, डोळे उघड."

"काय आहे?"

"कडा जुळत नाहीत. शेटे परत उघडतील म्हणतात. उघडून शिवता येईल, त्यातही धोका आहे. नाहीतर हे. काय करायचं ते तू सांग."

चेलनाने त्या सिरिंजकडे पाहिले. "हे घेतलं की सहा दिवसांत बोलावतील."

"बोलावतील."

"तू ते पेशींचं बोलली असतीस तर..."

"तर यंदा बोलावलं नसतं. मग कुणीतरी त्यावरही औषध काढलं असतं. बहुतेक मीच."

चेलनाला हसू आले आणि तिने पोट धरले. "हसवू नकोस. टाके ओढतात." मग तिने मान वळवून सासूबाईंच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिले. "अत्या, दूध कधी पाजलं तिला?"

"तू पाजलंस तेवढंच. आता बोट चोखतीय बघ."

"दे," चेलना आईला म्हणाली. "पण ऐकून ठेव. जखम तू बरी कर. मला कामावर पाठवायला बरी करू नकोस."

"नाही."

सुई नळीत शिरली.

*

नाभिनने आपले काम चोख केले. उसवलेल्या कडा एकमेकींकडे सरकल्या, ताप उतरला, आणि चेलना घरी आली तेव्हा पोटावर नख फिरवले तरी टाका कुठे होता ते कळत नव्हते. सुलोचनाबाईंनी भिंगाखाली पाहिले. चटई अशी विणली गेली होती की स्वतः गर्भानेही हेवा करावा. त्यांना अतोनात आनंद झाला, आणि त्या आनंदाचा त्यांनी त्या दिवशी मुळीच राग केला नाही.

सकाळी उन्हात बाज टाकलेली होती. राजमतीबाई एकदाच्या शेगडी पेटवून जिंकल्या होत्या. शेप-ओव्याचा धूर अंगणभर होता. चेलना बाळाला पाजत होती, तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले म्हणून सुलोचनाबाईंनी तो तिच्या कानाजवळ धरला.

"चेलना भरतेश बेडगे? मी व्रणपडताळणी कक्षातून बोलतोय," आवाज तरुण होता, शिकवल्यासारखा नम्र. "तुमची काल चित्रणाची वेळ होती. तुम्ही आला नाहीत."

"नाही आले."

"तुमची जखम अजून उघडी आहे का, मॅडम?"

एक 'हो' पुरेसा होता. दूरवरचा तो मुलगा निदान आठवडाभर गप्प बसला असता.

"नाही," चेलना म्हणाली. "भरली. अगदी पूर्ण."

"म्हणजे उद्यापासून तुम्ही हजर..."

"उद्या नाही. सव्वा महिना झाला की येईन."

"तसं करता येत नाही, मॅडम. नोकरीची हमी जाते. पुढे तुमची जागा राहील की नाही, ते कंपनीवर आहे."

"समजलं मला."

"ताप वगैरे आहे का? अशक्तपणा? काही त्रास असेल तर सांगा, मी घालतो."

तो मुलगा खरोखर मदत करू पाहत होता. घरी त्याचीही कुणी बहीण असावी.

"काही त्रास नाही. मी ठणठणीत आहे."

"मग कारण काय घालू?"

चेलनाने खाली पाहिले. बाळाने पिणे थांबवले होते आणि ते उगाचच तिच्याकडे बघत होते.

"बाळंतीण आहे," ती म्हणाली.

पलीकडे कळफलकाची टकटक सुरू झाली आणि थांबली. मग तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे कारणांमध्ये नाहीये."

"माहितीय," चेलना म्हणाली. "तुम्ही लिहा."